पायाचा प्रकार ठरवताना आधी क्षेत्रफळाचा हिशेब करा

कमी खर्चाचा पाया कोणता, याचे उत्तर माती परीक्षणाचा अहवाल हाती आल्याशिवाय देता येत नाही आणि त्या परीक्षणाचा खर्च वाचवणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. मातीची सुरक्षित धारणक्षमता (दर चौरस मीटरला माती सुरक्षितपणे पेलू शकेल तो भार) कळली की प्रत्येक कॉलमवरील भाराला तिने भागावे, म्हणजे त्या कॉलमच्या फुटिंगला, म्हणजे कॉलमखालच्या रुंद काँक्रीटच्या तळाला, लागणारे क्षेत्रफळ ढोबळमानाने मिळते. समजा, कॉलम दोन्ही दिशांना 4 मीटर अंतरावर आहेत आणि प्रत्येकावर 600 किलोन्यूटन भार आहे. धारणक्षमता चौरस मीटरला 150 किलोन्यूटन असेल, तर 2 मीटर बाजूचे चौरस फुटिंग पुरते आणि कॉलमच्या वाट्याच्या 16 चौरस मीटर जागेपैकी केवळ चौथा भाग व्यापला जातो; अशा वेळी स्वतंत्र फुटिंगच स्वस्त पडते. हीच क्षमता 75 असेल, तर 8 चौरस मीटर, म्हणजे निम्मी जागा लागते. फुटिंगांचे एकूण क्षेत्रफळ इमारतीच्या तळक्षेत्राच्या निम्म्याहून अधिक होऊ लागले, की सुट्या खड्ड्यांची खोदाई आणि शटरिंग यांपेक्षा सलग राफ्ट, म्हणजे सगळ्या कॉलमखाली पसरलेला एकच काँक्रीटचा स्लॅब, अनेकदा परवडतो, शिवाय असमान खचण्याचा धोकाही कमी होतो. वरचा थर फारच कमकुवत असून कठीण थर खोलवर असेल, तर पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल कठीण थरापर्यंत नेलेल्या खांबांचा, विचार करावा. पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत मात्र हा हिशेब एकटा पुरेसा नाही. तेथे ओलावा बदलत नाही एवढ्या खोलीपर्यंत पाया सहसा न्यावा लागतो.