जुना रोटावेटर सांभाळायचा तर आधी रोटरची टोकं बघा

आमचा रोटावेटर सहा फुटी आहे, 42 पात्यांचा, बाजूला चेन असलेला. थोरल्या भावानं 2011 साली सेकंडहँड घेतला. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूचं रान मोकळं झालं, उसाचा खोडवा मोडायचा झाला, सोयाबीनची पेरणी तोंडावर आली की त्याला उसंत नसते. आजही तो रान भुसभुशीत करून देतो. पण त्यासाठी काय सांभाळावं लागतं ते मला नुकसान सोसून कळलं.

तीन वर्षांमागं रोहिणीत मी दुसऱ्याच्या रानात खोडवा मोडत होतो. रानात ठिबकच्या जुन्या नळ्या तशाच राहिल्या होत्या. त्यातला हातभर तुकडा चेनकडच्या टोकाला, पाती संपून रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, केसिंगमध्ये शिरतो त्या फटीत गुंडाळला गेला. वरून माती लिंपली, त्यामुळं दिसलाच नाही. घासून घासून त्यानं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, खाल्लं. दोन दिवस त्या बाजूची माती काळपट ओली दिसत होती, मी म्हटलं असेल रानातली ओल. तिसऱ्या दिवशी बेअरिंग फुटलं आणि शाफ्टला चर पडला. शाफ्ट लेथवर भरून घ्यायला बेळगावात उद्यमबागेत न्यावा लागला. ऐन पेरणीच्या आठवड्यात मशीन शेडात आणि आम्ही दुसऱ्याच्या दारात. शंभर-दीडशे रुपयांचं सील वेळेत बदललं असतं तर एवढं झालं नसतं.

म्हणून रोज काम संपलं की मशीन वर उचला, पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मशीनला देणारा फिरता दांडा) आणि इंजिन बंद करा, चावी काढून खिशात टाका, आणि खाली दोन्हीकडं लाकडी ओंडके द्या. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. आता रोटरची दोन्ही टोकं खरवडून बघा. सुतळी, तार, ठिबकची नळी, मल्चिंगचा कागद, उसाच्या मुळ्या, काय वाट्टेल ते तिथं सापडतं. विळ्यानं कापून काढा, मात्र टोक सीलकडं न जाता पात्यांकडं जाईल असा विळा धरा. मग बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर सील गेलं समजा. दुसऱ्या दिवशी तसंच रानात जाऊ नका.

तेल दोन ठिकाणी असतं: मधल्या गिअरबॉक्समध्ये आणि बाजूच्या चेनच्या केसमध्ये. लोक गिअरबॉक्सचं बघतात आणि चेनचं विसरतात. मशीन सपाट जागेवर टेकवून लेव्हलचा बोल्ट काढा, तेल भोकाच्या काठाशी आलं पाहिजे. आम्ही 90 नंबरचं गिअर ऑइल घालतो. तुमच्या मशीनला 140 सांगितलं असेल तर तेच घाला. तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं काढून नवीन भरा. बदलताना आधी थोडा वेळ मशीन चालवा, म्हणजे तेल गरम होऊन तळाचा गाळही बाहेर येतो. गाळात बारीक चमक असते, पण तुकडा हाताला लागला तर केस उघडायला पाहिजे.

पीटीओ शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना, म्हणजे सांध्यातल्या फुलीसारख्या तुकड्यांना, रोज ग्रीस द्या, आणि आत-बाहेर सरकणाऱ्या नळीला विसरू नका. ती कोरडी पडली की मशीन उचलताना धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो. शाफ्ट खोलून परत जोडताना क्रॉस धरणारे दोन्हीकडचे काटे एका रेषेत येऊ द्या, नाहीतर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस तुटतात. बांधाला वळताना पीटीओ बंद करूनच मशीन वर घ्या. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं असेल तर ते आजच बदला. मिनिटाला 540 फेऱ्यांच्या वेगानं शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो. लुंगीचा सोगा किंवा उपरण्याचं टोक सोडवायला वेळच मिळत नाही.

शिअर बोल्ट तुटला की काहीजण हाताला येईल तो कडक बोल्ट ठोकतात. मी हात जोडून सांगतो, असं करू नका. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर गिअर तुटतो. शिअर बोल्टऐवजी क्लचप्लेट असलेल्या मशीनची गोष्ट वेगळी, तिथं जोर आला की क्लच घसरतो. पावसाळाभर उभं राहून प्लेटा गंजानं चिकटतात, मग दगड लागला तरी क्लच घसरत नाही. हंगामाच्या तोंडावर स्प्रिंगांचे नट ढिले करा, क्लच थोडा घसरू द्या, आणि मोजून होते तेवढेच परत आवळा.

पाती काळ्या रानात बरी टिकतात. खानापूरकडच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत ती डोळ्यांदेखत झिजतात. जुनं पातं नव्याशेजारी धरा, रुंदी निम्म्यावर आली असेल तर बदला. डावी-उजवी पाती होती त्याच जागी बसली पाहिजेत. बदलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकाच चकतीवर एक नवं आणि बाकी झिजलेली ठेवली तर मशीन हादरतं. नवीन पाती बसवल्यावर तासाभरानं सगळे नट पुन्हा आवळा.

उद्यमबागेतला आमचा कन्नड मिस्त्री पाना हातात घेण्याआधी म्हणतो, ‘सप्पळ केळ्री’, म्हणजे आवाज ऐका. ढिल्या चेनचा खडखडाट ठरावीक लयीत येतो, गेलेलं बेअरिंग घरघरतं. आता मीही रोज सकाळी मशीन जमिनीपासून थोडं वर धरून, लांब उभा राहून मिनिटभर ऐकतो.

पेरण्या उरकल्या की धुऊन, वाळवून, पात्यांना जळकं ऑइल फासा आणि फळीवर उभं करा. मातीवर टेकवलं की पाती गंजतात. खंडेनवमीच्या आधी मी सगळं पुन्हा तपासतो, कारण दसरा झाला की शाळू-हरभऱ्याची घाई सुरू होते. पूजेचा झेंडूचा हार गिअरबॉक्सवर घाला, रोटरला नको. दुसऱ्या दिवशी काढायचा राहिला, तर त्याचा दोराही त्याच फटीत जाऊन बसतो.