अपडेट चालू असताना वीज गेली, आता उबंटूत काहीच इन्स्टॉल होत नाही? हे करा

वळवाच्या पावसात कोथरूडला वीज गेली आणि डेस्कटॉप अपडेटच्या मधोमध बंद पडला. तेव्हापासून उबंटू 24.04 वर एपीटीने (प्रोग्रॅम टाकायची कमांड) काहीही टाकायला गेलं की एकच एरर: 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड', म्हणजे एपीटीच्या मागे पॅकेज बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्रॅम मध्येच तुटला. रीस्टार्टने फरक पडला नाही, एपीटी अपडेट पुन्हा चालवूनही नाही. अख्खी संध्याकाळ वैतागात गेली.

पॅकेज (प्रोग्रॅमच्या फाइलींचे गठ्ठे) उघडली गेली होती, पण त्यांचं कॉन्फिगरेशन अर्धवट राहिलं होतं. ते पुरं झाल्याशिवाय एपीटी नवं काही घेत नाही.

कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा. कमांड इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या. आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. सुडो (एस-यू-डी-ओ) म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं, म्हणून तुमचा लॉगिनचा पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. तरी पूर्ण टाइप करून एंटर दाबा. सेटिंगची जुनी फाइल ठेवायची की नवी, असं मध्येच विचारलं तर नुसतं एंटर, जुनी राहते. मग 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', त्यानंतर 'सुडो एपीटी अपडेट', आणि शेवटी हवा तो प्रोग्रॅम टाका, उदाहरणार्थ व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर: 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी'.

'लॉक' मिळत नाही असा एरर आला तर मागे दुसरं अपडेट चालू आहे, ते संपू द्या. लॉकची फाइल उडवा असं कुणी सांगितलं तरी उडवू नका. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजच्या नोंदींत लिहायला लागले की त्या नोंदीच बिघडतात.