केबल ट्रे बसवताना या चुका टाळा

साइटवर गेलो की माझी नजर आधी केबल ट्रेच्या, म्हणजे केबल ठेवायच्या पत्र्याच्या पन्हळीच्या, बेंडवर (वळणाच्या तुकड्यावर) जाते. फिटर किती घाईत होता ते तिथे कळतं.

फॅक्टरीतून बेंड आला नाही म्हणून सरळ ट्रे ग्राइंडरने कापायचा आणि जागेवरच कोपरा वेल्ड करायचा, ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. लोटे परशुरामच्या एका केमिकल प्लांटमध्ये मला ती निस्तरावी लागली. कोपरा थेट काटकोनात जोडलेला, वेल्डिंगने गंज रोखणारा जस्ताचा थर जळालेला, कापलेल्या कडा तशाच धारदार. त्यातून साडेतीन कोअर (तीन फेज पूर्ण, न्यूट्रल निम्मा), 185 स्क्वेअरची (चौरस मिमी) आर्मर्ड, म्हणजे आत पोलादी चिलखत असलेली केबल ओढली होती. व्यास 50 मिमी धरला तर वळणाची त्रिज्या त्याच्या निदान बारा पट, म्हणजे 600 मिमी हवी. तिथे 150 सुद्धा नव्हती. केबल कडेवर घट्ट दाबली गेली आणि बाहेरचं आवरण वीतभर चिरलं. पावसाळ्यात पाणी शिरलं, आर्मर गंजलं. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर एक फेज अर्थला लागलेली. सगळी केबल परत बाहेर! बेंडसाठी चार दिवस थांबायला कुणी तयार नव्हतं, मग शटडाउन घेऊन आठवडा गेला.

तेव्हापासून कापलेल्या प्रत्येक कडेला, पाडलेल्या प्रत्येक भोकाला मी कानस मारून घेतो आणि वरून बोट फिरवतो. बोटाला जे लागतं ते केबलला लागणारच. मग झिंक पेंटचे दोन हात, पहिला नीट वाळल्यावर दुसरा. नवी पोरं म्हणतात, चंदेरी स्प्रे मारला की झालं. नाही झालं. नुसत्या चंदेरी रंगात जस्त नसतं, कोकणच्या हवेत तो एक पावसाळा काढत नाही.

बोल्टचं डोकं आत, नट बाहेर. उलटं बसवलं तर बोल्टचं टोक केबल सोलतं.

सपोर्ट दीड मीटरवर. रिकामा ट्रे झुकत नाही म्हणून एखादा गाळू नका, वजन केबलचं येणार आहे. ट्रेचा जोड दोन सपोर्टच्या बरोबर मध्ये येऊ देऊ नका.

पावडर कोटिंगच्या ट्रेला नुसत्या कपलरवर (दोन ट्रे जोडणाऱ्या पट्टीवर) अर्थिंग मिळेल असं धरून चालू नका, रंग आड येतो. प्रत्येक जोडावर रंग खरवडून तांब्याचा जंपर (जोडतार) लावा आणि मीटरने तपासा.

पत्र्याच्या शेडखालचा लांब ट्रे उन्हाने वाढतो. 30 मीटरला 40 अंशांच्या फरकाने 14 मिमी. एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे वाढायला जागा देणारा जोड, ठेवा.

आणि ट्रेवर उभं राहून केबल ओढायची नाही. परांची बांधा.