आधी वाडा वाचा, मग वस्तू

पहिल्याच दिवशी रिक्षावाल्याने मला पणजीतल्या पाटो भागात नेऊन सोडलं. चूक त्याची नव्हती, गोवा राज्य संग्रहालय आधी तिथेच होतं, मग ते आदिलशहाच्या राजवाड्यात आलं. 'आदिलशहाचा राजवाडा' म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे जुनं सचिवालय! तसं सांगायचं ना."

संग्रहालयशास्त्राच्या पदविकेसाठी काही आठवडे पणजीत होतो. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी माझी पहिली फजिती टाळावी, म्हणून हे लिहितोय.

सोबतच्या मुलांना मी दणक्यात सांगितलं, "ही १५०० सालच्या सुमाराची इमारत." मागे एक गोंयकार आजोबा उभे होते. म्हणाले, "बाबा, यातलं आदिलशहाचं काय उरलंय तेवढं दाखव." मला काहीच दाखवता येईना.

आदिलशहाचा मांडवीकाठचा वाडा १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती गेला. १६१५ मध्ये त्याची डागडुजी होऊन रूप पालटलं. १७५९ पासून गव्हर्नर इथेच राहू लागले, ते १९१८ मध्ये काबोला (आजच्या राजभवनात) जाईपर्यंत. मग कचेऱ्या आल्या. मुक्तीनंतर गोव्याची पहिली विधानसभा ९ जानेवारी १९६४ रोजी इथेच भरली आणि २००० साली पर्वरीला गेली. उतरतं कौलारू छप्पर, लाकडी व्हरांडा ही सगळी नंतरची भर. म्हणजे ज्याला आपण 'आदिलशाही' म्हणून फोटो काढतो, ते बहुतेक आदिलशहाने पाहिलेलंच नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी: अशा वास्तूत काम मिळालं की वहीत तळमजल्याचा कच्चा नकाशा काढायचा आणि प्रत्येक भिंतीपुढे साल लिहायचं. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. वीरगळ, सतीशिळा, अ‍ॅक्सेशन रजिस्टर (संग्रहात आलेल्या वस्तूंची नोंदवही) हे सगळं त्यानंतर.

मराठी पाहुण्यांसाठी वेगळी तयारी ठेवा. पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांची विधानसभा इथे भरायची म्हटलं की हमखास विचारतात, "मग गोवा महाराष्ट्रात का नाही आला?" १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात ३४,०२१ मतं जास्त पडली, एवढं सांगून थांबावं. वाद घालायला बाहेर चहाच्या टपऱ्या आहेत.

नदी समोर, म्हणजे हवेत कायम दमटपणा. पावसाळ्यात कागद नि लाकूड रोज न्याहाळा, बुरशी रात्रीत येते. शिक्षणासाठी बडोद्याचा संग्रहालयशास्त्र विभाग जुना, १९५२ पासूनचा. पण पोर्तुगीज थोडी तरी शिका. ती वाचता येणारा मराठी मुलगा दुर्मीळ, त्यामुळे कुठेही उपयोगी.

आणि आत शिरण्याआधी वाड्याशेजारच्या पुतळ्याचं उत्तर पाठ करा. पाद्री बाईचा गळा दाबतोय का, असं दिवसातून दहा जण विचारतात. तो आबे फारिया, संमोहनविद्येचा अभ्यासक, जन्म कांदोळीचा. पुतळा १९४५ चा, घडवला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी. आणि नाही, गळा दाबत नाहीये.