'तू मला भावासारखा आहेस': ब्लूमिंग्टनला नवीन आलेल्यांसाठी

बँकेचं खातं, सोशल सिक्युरिटी नंबर, तूरडाळ कुठे मिळते, बस कुठली पकडायची, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगणार आहे ते ऑक्टोबरमध्ये कामाला येतं. मी 2000 साली साताऱ्याहून इथे ब्लूमिंग्टनच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकायला आलो, आता इंडियानापोलिसला घर आहे, आणि थंडी पडायला लागली की दरवर्षी गावाकडून एखाद्या आईचा फोन येतो: "दादा, आमचा मुलगा नीट जेवत नाहीये, जरा बघाल का?" मी जातो. पोरगा गाडीत बसतो, दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा होतात, आणि मग कळतं की एक मुलगी आहे आणि ती नाही म्हणाली आहे.

या बाबतीत मी जे शिकलो ते आपल्या माणसांकडून नाही.

पहिल्या सेमिस्टरला मला होस्टेलच्या मेसमध्ये ताटं धुवायचं काम मिळालं. (विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना काम आठवड्याला 20 तासांपर्यंतच, आणि तेही कॅम्पसवरच. बाहेर कुणी रोख पैसे देतो म्हणाला तरी जाऊ नका.) सरकत्या पट्ट्यावरून ट्रे यायचे, मी उष्टं काढायचो आणि एकोणीस वर्षांचा एक ब्लॅक मुलगा रॅक लावायचा. तो गॅरीचा. मिशिगन सरोवराच्या काठचं पोलाद कारखान्याचं शहर, मायकल जॅक्सनचं जन्मगाव. मी त्याला मनात 'गॅरीकर' म्हणायचो. एकदा तोंडातून निघालं, अर्थ सांगावा लागला, आणि त्याला ते इतकं आवडलं की पुढे तो स्वतःच फोनवर 'गॅरीकर बोलतोय' म्हणायला लागला.

गॅरीकरचा जीव जडला होता युनिव्हर्सिटीच्या आफ्रिकन अमेरिकन कोरल एन्सेंबलमध्ये, म्हणजे गायनवृंदात, गाणाऱ्या एका मुलीवर. हा तालमीच्या दाराशी उभा राहायचा, तिची बॅग घ्यायचा, तिची असाइनमेंट टाइप करून द्यायचा. नोव्हेंबरात एका रात्री तिने सरळ सांगितलं, तू मला भावासारखा आहेस. त्याने हे सांगितलं आणि मला हसूच फुटलं. मग त्याला राखी म्हणजे काय ते समजावलं: आमच्या कॉलेजात रक्षाबंधनाला निम्मी मुलं वर्गात का येत नाहीत, वगैरे. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे याला दोरासुद्धा आहे!" आणि मग ट्रेवर डोकं ठेवून रडला.

माझी अवस्था काही वेगळी नव्हती. माझ्या डिपार्टमेंटला पुण्याची एक मुलगी होती. तिने नम्रपणे नकार दिल्यावर मी तिला मैलभर लांबीची ईमेल लिहून काढली. पाठवायच्या आधी गॅरीकरला वाचून दाखवली. तो म्हणाला, "तिने उत्तर दिलंय. तुला दुसरं उत्तर पाहिजे, म्हणून तू पहिलं ऐकलंच नाही असं दाखवतोयस." ईमेल गेली नाही. आज त्याबद्दल मी त्याचे पाय धरायला तयार आहे.

आपल्याकडे 'एकतर्फी प्रेम' हे शब्द पेपरात कुठल्या बातमीबरोबर येतात ते तुम्हाला माहीत आहे. सिनेमाने आपल्याला शिकवलं की मागे लागत राहिलं की ती हो म्हणते. इथे तसं करून बघू नका. नकारानंतर पुन्हा पुन्हा मेसेज करणं, तिच्या क्लासबाहेर थांबणं, मैत्रिणींकडून निरोप धाडणं, हा पाठलाग धरला जाऊ शकतो. टायटल नाइन नावाचा शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा 1972 चा कायदा आहे, तक्रार झाली तर युनिव्हर्सिटीला दखल घ्यावी लागते, आणि काढून टाकलं तर विद्यार्थी व्हिसाही जातो. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, ती माणूस आहे म्हणून थांबा.

गॅरीकर थांबला. पण मग त्याला संध्याकाळी जायला जागाच उरली नाही, आणि खरं दुखणं हेच होतं. एका मुलीवर त्याने मित्र, घर, गाव, सगळ्याचं ओझं टाकलं होतं. मीही. म्हणून तो आता तिच्या नाही, भावांच्या शोधात निघाला: फ्रॅटर्निटी, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या कॉलेजातल्या मुलांची संघटना.

याचा इतिहास ब्लूमिंग्टनचाच आहे. 1910 साली एल्डर वॉटसन डिग्ज आणि बायरन आर्मस्ट्राँग हॉवर्ड युनिव्हर्सिटीतून इथे आले. कॅम्पसवर ब्लॅक विद्यार्थी इतके थोडे की आठवडे आठवडे दुसरा ब्लॅक चेहरा दिसायचा नाही, आणि करमणुकीच्या सोयी त्यांना बंद. 5 जानेवारी 1911 ला दहा जणांनी मिळून जी संघटना काढली तीच पुढे कापा अल्फा साय झाली. त्याआधी 1906 मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सात जणांनी अल्फा फाय अल्फा काढली होती. ब्लॅक विद्यार्थ्यांच्या अशा नऊ संघटना आहेत, मुलांच्या पाच आणि मुलींच्या चार. सगळ्यांना मिळून 'डिव्हाइन नाइन' म्हणतात. कॉलेज संपलं की नातं संपत नाही, साठीतला वकीलही तिथे भाऊच असतो. कॅम्पसवर एका रांगेत पाय आपटत, टाळ्या वाजवत ताल धरलेली मुलं दिसली तर ते स्टेपिंग. उभे राहून बघा, रांगेच्या मधून चालत जाऊ नका, ते लेझीम पथकाच्या मधे घुसण्यासारखं आहे. आणि फोन लगेच नाकासमोर धरू नका.

गॅरीकरला पहिल्या वर्षी घेतलं नाही. कुठल्या संघटनेने ते सांगत नाही. दार बंद झालं, पण त्या खटपटीच्या सहा महिन्यांत त्याच्यासारखेच दाराबाहेर थांबलेले तिघे त्याला भेटले, आणि शनिवारी केस कापायला ते चौघे इंडियानापोलिसला जायला लागले, साधारण 80 किलोमीटर. गाडी माझी होती, म्हणून मीही. ते न्हाव्याचं दुकान म्हणजे आमच्या पारावरची बैठकच. खुर्च्या तीन, माणसं पंधरा. बास्केटबॉल, चर्च, कुणाचा मुलगा तुरुंगातून सुटला, कुणाची आई आजारी. पहिल्यांदा मालकांनी माझ्या सरळ केसांकडे बघून "असले कधी कापले नाहीत, पण बस" म्हटलं. गॅरीकरने एकदा तिथे त्या मुलीची गोष्ट काढली. कुणी उपदेश केला नाही. एका म्हाताऱ्याने त्याला स्वतःची 1961 सालची गोष्ट सांगितली आणि सगळे पोट धरून हसले, तोही हसला.

आता एक कडू गोष्ट. आपली मुलं मराठीत एकमेकांशी बोलताना 'काळ्या', 'कल्लू' म्हणतात, त्यांना वाटतं कुणाला कळत नाही. सूर कळतो. रॅपमधला तो 'एन' ने सुरू होणारा, ब्लॅक लोकांना हिणवणारा शब्द आपण गाण्यातही म्हणायचा नाही, मित्र म्हणत असला तरी. आणि 'त्या भागात जाऊ नकोस' असं पहिल्या आठवड्यात जो सीनियर सांगेल, त्याला विचारा की तो स्वतः तिथे किती वेळा गेला आहे.

गॅरीकरने मला एकदा विचारलं, "तुमच्याकडे आमच्या जागी कोण असतं?" मी मराठा, पाटलाच्या घरातला. माझा ट्रेवरचा हात थांबला. मग मी त्याला सांगितलं की जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, की बाबासाहेबांनी 1946 मध्ये त्यांच्यातले ब्लॅक विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, की अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून मुंबईत 1972 मध्ये दलित पँथर निघाली. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आणि तुझ्या घरी?" त्याचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली.

कामाच्या गोष्टी थोड्या. नील-मार्शल ब्लॅक कल्चर सेंटरच्या कार्यक्रमांना जा, आत जायला ब्लॅक असावं लागत नाही, पाहुण्यासारखं वागता आलं की पुरे. एशियन कल्चर सेंटर आहेच. झोप उडाली, जेवण सुटलं तर विद्यार्थ्यांच्या समुपदेशन केंद्रात जा. त्याची नोंद व्हिसावर होत नाही. रात्री फार वाईट वाटलं, जीव नकोसा झाला तर 988 या मदतीच्या नंबरला फोन करा. कुठलीही संघटना मारहाण, दारू किंवा जागरण 'परीक्षा' म्हणून करायला लावत असेल तर उठून या. आणि फक्त मराठी पोरांच्या चार खोल्यांत चार वर्षं काढू नका.

त्या दुकानात मी अजून जातो, केस मात्र आता फारसे उरले नाहीत. शनिवारी सकाळी नऊला पोचतो. इंडियानापोलिसला येणार असाल तर आधी फोन करा, परतताना डाळही घेऊ.