पूरपट्ट्यात जागा घेताय? या चुका टाळा

"2019 ला इथं पाणी आलं नव्हतं." सांगली, कोल्हापूर, शिरोळ भागात प्लॉट बघायला गेलं की हे वाक्य चहाच्या आधी कानावर पडतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण पुढच्या पुराबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही, आणि तरी निम्मे व्यवहार तेवढ्यावर होतात. जमिनीच्या लेव्हल घेण्याच्या कामात त्याच त्या चुका इतक्यांदा बघितल्यात, की आता एकदा लिहूनच टाकतो.

नदीकडं तोंड करून जागा बघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. गिऱ्हाईक विचारतं, "नदी किती लांब?" एजंट म्हणतो, "आरामात दीड किलोमीटर." दोघंही खूश. अहो, पूर काय घाटाच्या पायऱ्या चढूनच येतो का? कृष्णा फुगली की नाल्यांचं पाणी नदीत उतरायचं थांबतं. मग नदीच नाल्यातून उलटी आत शिरते आणि ओतात, म्हणजे सखल जागेत पसरते. सांगलीच्या आजूबाजूला असे सखल ओत किती होते आणि त्यातले किती मुरूम टाकून बुजवले, हे जुन्या माणसांना विचारा. ओत बुजवला तरी पाणी यायचं थांबत नाही, ते शेजारची जागा शोधतं.

एक काका पुण्याहून निवृत्त होऊन इकडं आले. एजंटानं 2019 चे फोटो दाखवले. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हाही हा प्लॉट कोरडा. काकांनी लगेच इसार दिला. बांधकाम जोत्याच्या वर आलं आणि 2021 चा जुलै उजाडला. मला फोन आला तो असा: "नदी तर गेल्या वेळेपेक्षा कमी आहे. मग माझ्या सिमेंटच्या खोलीत पाणी कसं?"

जाऊन बघितलं तर नदीचा प्रश्नच नव्हता. मधल्या दोन वर्षांत समोरचा रस्ता भराव घालून चांगला दोन-अडीच फूट उचलला होता. त्याखाली पाणी जायला एकच पाइप, त्यात निम्मा कचरा. मागचा ओत कुणीतरी भरून कंपाउंड घातलेलं. पाऊस धो धो, नाल्याला उतार नाही, रस्ता बांधासारखा आडवा. पाणी जाणार कुठं? फोटोतली जागा तीच होती, भोवतालची जमीन मात्र बदलली होती. खाली रचलेली सिमेंटची पोती दगड झाली. काकांनी पुढं जोतं वाढवलं, खर्च निमूटपणे सोसला. एजंटाचा फोन तेव्हापासून लागत नाही.

म्हणून मी जागेवर गेलो की नदीकडं पाठ करतो. आधी नाला शोधतो, मग रस्त्याखालच्या मोऱ्या बघतो, मोरीत डोकावतो. नंतर 2019 नंतर कुठं कुठं भराव पडला ते विचारतो. हे सगळं पायी. गाडीच्या काचेतून उतार दिसत नाही.

फूट, मीटर आणि मोबाइल यांची खिचडी

आयर्विनला इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43. हे आकडे त्या त्या ठिकाणच्या पट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात. राजारामचा आकडा आयर्विनच्या आकड्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही. आणि आयर्विनची पातळी सरळ रेषेत ओढून चार गावं वर नेऊ नका. वाहत्या नदीच्या पाण्याला उतार असतो, वरच्या गावात तेच पाणी जास्त उंचीवर असतं.

याहून कहर म्हणजे मोबाइल. नवीन पोरं ॲप उघडतात, "सर, इथली उंची 549 मीटर," आणि त्यातून पूररेषेचा आकडा वजा करून मोकळी होतात. उपग्रहाकडून मिळणारी कच्ची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यात आपल्या भागात कित्येक मीटरचा फरक असतो. ॲपनं तो काढलाय की नाही हे पोराला माहीत नसतं. फुकट मिळणाऱ्या उपग्रहाच्या नकाशातही उंची दोन-चार मीटर सहज इकडंतिकडं होते, कारण त्यात झाडं आणि छपरंसुद्धा मोजली जातात. इथं एका फुटावर घर बुडतं की वाचतं ते ठरतं. तिथं मीटरची चूक चालवून घेणाऱ्याला मी साइटवरून घरी पाठवतो.

खात्रीचा बेंचमार्क, म्हणजे उंची ठाऊक असलेली पक्की खूण गाठा, ऑटो लेव्हल ही उंची मोजायची दुर्बीण लावा, स्टाफ म्हणजे आकड्यांची उभी पट्टी धरणाऱ्याला सरळ उभं करा आणि शेवटी परत बेंचमार्कवर येऊन आकडा जुळतो का बघा. परत येण्याचा कंटाळा करणाऱ्यांचेच आकडे नंतर बदलतात.

पुराची खूण चुकीची धरणं

भिंतीवरचा ओलीचा डाग म्हणजे पाण्याची पातळी नव्हे. विटांत ओल वर चढते, डाग पाण्यापेक्षा बराच उंच दिसतो. गाळाची बारीक रेघ किंवा जाळीत अडकलेला पालापाचोळा जास्त खरा. विजेच्या खांबावर रंगवलेली रेघ असेल तर खांब तोच आहे का, तिथंच आहे का, हे आधी विचारा. पुरानंतर खांब हलवतात, रेघ त्यांच्याबरोबर जाते.

माणसांना "पाणी किती होतं?" असं विचारलं की प्रत्येक जण छातीपर्यंत हात नेतो. मी जनावरांबद्दल विचारतो. चिखलीकडच्या एका आजींनी लगेच सांगितलं, "म्हशी सोडल्या तवा उंबऱ्याला लागलं हुतं. सांजच्याला चुलीत आलं." उंबरा अजून तिथंच होता. त्यावर स्टाफ ठेवला, काम झालं.

बाकीच्या, थोडक्यात

पूररेषेच्या नकाशातली लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, म्हणून निर्धास्त राहू नका. दरवर्षी 1 टक्का शक्यता असेल तर 30 वर्षांत ती साधारण 26 टक्के होते. निळ्या रेषेची, म्हणजे 25 वर्षांच्या पुराची, 70 टक्क्यांच्या घरात जाते.

सगळं खापर कोयना नाहीतर अलमट्टीवर फोडू नका. धरणाखाली पडणारा पाऊस कुणाच्या दरवाजानं थांबत नाही. वारणाही सांगलीजवळच कृष्णेला मिळते.

मे महिन्यात जागा बघून इसार देऊ नका. एक पावसाळा थांबा. एवढी घाई असेल तर भाड्यानं राहा.

पाण्याची खोली बघता, तसा त्याचा मुक्कामही बघा. नृसिंहवाडीला कृष्णा तुंबली की पंचगंगेला फुग येते आणि पाणी दिवसेंदिवस हलत नाही. काळ्या जमिनीवरच्या घराच्या पायाला ते मानवत नाही.

आणि वाट. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली होता. घर कोरडं राहिलं तरी दूध, औषध, गॅस कुठून आणणार? प्लॉटची लेव्हल झाली की मी तशीच मुख्य रस्त्यापर्यंत लेव्हल घेत जातो आणि वाटेतली सगळ्यात खालची जागा कागदावर लिहून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. "ते राहू द्या, प्लॉटचं तेवढं सांगा," असं मालक म्हणाले, तर कागद वहिनींच्या हातात देतो.