रेवस ते रेडी: निघण्याआधीची तयारी

देणगी गोळा करण्यासाठी किनाऱ्याने चालायचं ठरलं की माणूस आधी बुटांच्या दुकानात जातो. बूट थांबतील. आधी भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर खाली उतरवा. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत सागरी मार्गाने साधारण ५०० किलोमीटर होतात. दिवसाला २० धरले तर २५ दिवसांची चाल, वर पाय सुजल्याचे आणि कपडे धुण्याचे चार-पाच. असा सलग महिना डिसेंबर-जानेवारीतच काढा, कारण मार्चनंतर कातळाच्या सड्यावर सावली शोधावी लागते.

आता तिथी. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीच्या आगेमागे निघालात तर सकाळी नऊच्या सुमारास पुळणीवर रुंद, घट्ट वाळू मिळेल. ही वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा आठवडाभराने सकाळी डांबरी रस्ता आणि दुपार कलल्यावर वाळू, असा उलटा क्रम लावा. भरतीचं छापील कोष्टक फोनमध्ये ठेवाच, आणि मुक्कामाच्या गावात कोळ्यांना विचारा. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी), हे ते पाण्याकडे न बघताही सांगतात.

दक्षिणेकडे जाताना समुद्र सतत उजव्या हाताला असतो. पुळण तिकडेच उतरती, त्यामुळे उजवा पाय दिवसभर खाली पडतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कंबर बोलू लागते. ओहोटीच्या सपाट वाळूचा आग्रह त्यासाठीच. दुपारचं ऊनही त्याच बाजूने येतं. टोपी कान झाकणारी घ्या, माझ्या उजव्या कानाचं साल दोनदा निघालं आहे.

खाड्या चालत ओलांडायच्या नाहीत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड इथे गाड्या नेणारी फेरीबोट, म्हणजे जंगलजेटी आहे. तिच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, तिकिटाला सुटे पैसे ठेवा. बाकी ठिकाणी पूल. तो दूर असला तरी वळसा घ्यायचा.

पैशांची तयारी मात्र महिनाभर आधी. पहिल्या वेळी मी देणग्या स्वतःच्याच यूपीआयवर घेतल्या. लोकांचा विश्वास होता, पण त्यातले माझ्या जेवणाचे किती आणि संस्थेचे किती, हे समजावता समजावता दोन महिने गेले. आता नियम एकच: चालण्याचा खर्च माझ्या खिशातून, देणगी थेट संस्थेच्या खात्यात. संस्थेकडून लेखी संमतिपत्र, क्यूआर कोड आणि ८०जी नोंदणीची (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी) प्रत घ्या. पावतीसाठी देणगीदाराचा पॅन लागतो, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती एरवीही नाही. हे आधीच सांगा, म्हणजे मार्चमध्ये फोन येत नाहीत. परदेशातल्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याची देणगी साधी देणगीच. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परकीय देणगी घेण्याची परवानगी हवी. नसेल तर त्याला गोड शब्दांत नाही म्हणा.

पाठीवर सहा-सात किलोच्या वर काही नको. वारकऱ्याला एवढंही जास्त वाटेल, पण त्याचं सामान दिंडीचा ट्रक वाहतो. बूट अर्धा नंबर मोठे, आणि निघण्याआधी निदान शंभर किलोमीटर वापरलेले. पायमोजे तीन जोड, कारण वाळू शिरली की फोड आलाच. सुई, चिकटपट्टी, जंतुनाशक. खारट घामाने मांड्या काचतात, त्यावर खोबरेल पुरतं. ओआरएसची पाकिटं, दोन लिटर पाणी, थोडी रोख, कारण रेंज नसली की यूपीआयही नाही. खानावळीत आदल्या रात्री कळवलं नाही तर दुपारी बिस्किटांवर भागवावं लागेल. वेळास, आंजर्ले भागात रात्री पुळणीवर बॅटरी पाजळत फिरू नका, हे कासवांच्या विणीचे दिवस असतात.

बुटांखेरीज मागे पट्टा असलेले जुने सँडल पिशवीला बाहेरून बांधा. खडकांवरच्या कालवांनी अनवाणी तळवा ब्लेडसारखा चिरतो, आणि भिजलेले बूट दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाहीत.